एव्हरेस्टच्या पायथ्याशी, एका रोपवाटिकेसाठी

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील एका सोसायटीच्या बागेत टँकरचे पाणी हिरवळीवर सोडले जात असताना मी तेथे उभी होते. इमारतीतील रहिवाशांना त्या आठवड्यात दिवसातून एकच तास पाणी मिळत होते आणि ती हिरवळ मीच २०११ मध्ये आखून दिली होती. मी व्यवसायाने उद्यानरचनाकार आहे, म्हणजे लोकांच्या घरांच्या, सोसायट्यांच्या आणि शाळांच्या बागा आखून देते. गेली काही वर्षे मी नवीन कामांत हिरवळीऐवजी करवंद, धायटी, अडुळसा, निरगुडी, कुडा अशी येथील मातीला आणि येथील पावसाला सरावलेली झाडे सुचवते. अडचण अशी की ही रोपे हवी तेव्हा आणि हव्या त्या संख्येने मिळत नाहीत. शोभेच्या परदेशी झाडांनी भरलेल्या नर्सरीत कुड्याचे रोप मागितले, तर समोरचा माणूस आपल्याकडे जरा काळजीनेच पाहतो.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुळशी तालुक्यात काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने मला सांगितले की, एका शाळेच्या आवारात देशी झाडांची रोपवाटिका उभी करण्यासाठी, म्हणजे पाण्याची टाकी, शेडनेट, बियाणे आणि गावातील एका बाईंचा वर्षभराचा पगार यांसाठी, त्यांना ३ लाख रुपये हवे आहेत. मी सह्याद्रीत पंचवीस वर्षे भटकत आले आहे आणि नेपाळमधील एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे बेस कॅम्पपर्यंत, चालत जाण्याची इच्छा जुनी होती. या दोन्ही गोष्टी एकत्र बांधाव्यात, म्हणजे मी चालावे आणि लोकांनी त्यानिमित्ताने रोपवाटिकेला पैसे द्यावेत, असे ठरले. त्यानंतरच्या सात महिन्यांत जे झाले ते येथे क्रमाने लिहिते, कारण सुरुवातीला मला ज्या प्रश्नांची उत्तरे सापडत नव्हती, ती कोणा दुसऱ्याला शोधावी लागू नयेत.

पहिला निर्णय पैशांविषयी होता आणि आता मागे वळून पाहता तोच सर्वांत महत्त्वाचा होता, असे मला वाटते. काही धर्मादाय मोहिमांत जमलेल्या देणगीतूनच चालणाऱ्याचा प्रवासखर्च वजा केला जातो. ते बेकायदेशीर असेलच असे नाही, परंतु माझ्या मावशीने दिलेल्या पाचशे रुपयांतून मी हिमालयात चहा प्यावा, हे मला पटेना. म्हणून माझा सर्व खर्च माझा आणि देणगीचा प्रत्येक रुपया थेट संस्थेच्या खात्यात, असे आवाहनाच्या पहिल्याच ओळीत लिहिले. ही ओळ नसती तर निम्म्या लोकांनी तोच प्रश्न विचारला असता. असूनही काहींनी विचारलाच.

त्यानंतर कागद आले. देणगीदाराला आयकराच्या तेव्हाच्या कलम ८०जी खाली वजावट हवी असेल, तर संस्थेची त्या कलमाखालील नोंदणी चालू असावी लागे आणि ती मुदतीची असे. संस्थेचे हिशेबनीस ‘आहे आहे’ म्हणत होते, तरी मी नोंदणीच्या आदेशाची प्रत मागितली आणि ती तात्पुरती असून तिची मुदत मार्चअखेर संपत असल्याचे निघाले. कायम नोंदणीचा अर्ज त्यांनी केला होता, पण त्याचा निकाल यायचा होता. त्यात अकरा आठवडे गेले. आदेश हातात येईपर्यंत आवाहन प्रसिद्ध करायचे नाही, असे मी ठरवले. त्यामुळे दिवाळीत सुरू होणारे काम १० जानेवारी २०२४ ला सुरू झाले. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी संस्थेच्या शब्दावर विश्वास ठेवावाच, परंतु आदेशावरील तारीखही वाचावी.

देणगीदारांना मी ज्या गोष्टी पुनःपुन्हा समजावून सांगितल्या त्या अशा. २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास तिच्यावर वजावट मिळत नाही. नवीन करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट मुळीच मिळत नाही, आणि हे कळल्यावर दोघांनी आकडा कमी केला, तर एका निवृत्त शिक्षकांनी ‘मग कागद पाठवू नका, पोस्टाचा खर्च वाचेल’ असे उत्तर दिले. संस्थेने देणग्यांचे विवरण आयकर खात्याकडे भरल्यावर तयार होणारे फॉर्म १०बीई हेच तेव्हा खरे प्रमाणपत्र होते. ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर ३१ मेपर्यंत द्यायचे असे आणि त्यासाठी देणगीदाराचा पॅन, नाव व पत्ता लागे. यूपीआयने पैसे क्षणात येतात, पॅन मात्र येत नाही. बँकेच्या विवरणात कोणाचे नाव अर्धेच दिसते, कोणाच्या जागी मुलाचे खाते असते. माझ्या जानेवारी-फेब्रुवारीतील कित्येक संध्याकाळी एका तक्त्यासमोर बसून ‘हे ५०१ रुपये कोणाचे?’ याचा शोध घेण्यात गेल्या. पैसे देण्याआधीच पॅन आणि पत्ता भरून घेणारा एक साधा ऑनलाइन अर्ज मी पहिल्या दिवसापासून ठेवायला हवा होता. तो मी सहाव्या आठवड्यात केला.

परदेशातील मित्रांच्या बाबतीत मला अगदी वेगळा धडा मिळाला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथील नागरिकत्व घेतलेल्या माझ्या एका मैत्रिणीला ५०० डॉलर द्यायचे होते. परकीय योगदान नियमन कायद्यानुसार, म्हणजेच एफसीआरएनुसार, परदेशी नागरिकाचा पैसा हा परकीय स्रोत ठरतो, मग तो माणूस मूळचा सदाशिव पेठेतला का असेना आणि त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. त्या कायद्याखालील नोंदणी नसलेल्या संस्थेला तो घेता येत नाही. आमच्या संस्थेची ती नोंदणी नव्हती. याउलट, दुबईत नोकरी करणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या माझ्या मावसभावाला स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे देता आले. मैत्रीण दुखावली. ‘आईच्या खात्यात पाठवते, ती देईल,’ असेही तिने सुचवले. मी नको म्हटले, आणि ते म्हणणे फोनवर जितके अवघड गेले, तितकी पुढे खुंबूतील, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरातील, एकही चढण गेली नाही.

शरीराची तयारी याच्या बरोबरीने चालू होती. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि सोबत येणारी मावसबहीण एक्केचाळीसची. डिसेंबरमध्ये आम्ही दोघींनी ईसीजी, इकोकार्डिओग्राम, ट्रेडमिल चाचणी आणि रक्ततपासणी केली. माझे हिमोग्लोबिन १०.२ निघाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हवेत प्राणवायू कमी असताना तो वाहून नेणारी गाडीच अर्धी रिकामी असेल तर कष्ट दुप्पट होतील, तेव्हा आधी लोह घ्या. अडीच महिन्यांच्या गोळ्यांनंतर आकडा १२.१ वर आला. उंचीच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून वापरले जाणारे ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन दिवस घरी घेऊन पाहिले, त्यामुळे बोटांना येणाऱ्या मुंग्या आणि लघवीच्या वाढलेल्या फेऱ्या हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत, हे आधीच कळले.

सरावासाठी आठवड्यातून दोनदा पर्वतीच्या पायऱ्या, दर रविवारी पाठीवर आठ किलो घेऊन सिंहगड आणि फेब्रुवारीत एकदा कात्रज ते सिंहगड, एवढे केले. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे आहे आणि एव्हरेस्टचा पायथा ५,३६४ मीटरवर, म्हणून सह्याद्रीत विरळ हवेची सवय होणे शक्य नाही. गुडघ्यांची मात्र होते. सिंहगड उतरताना ज्याचे गुडघे कुरकुरत नाहीत, त्याला एव्हरेस्टच्या वाटेवरील नामचे गावावरून उतरताना फारसे काही होत नाही.

प्रवास कसा करायचा, यावर आम्हा बहिणींत खरा वाद झाला. झाडांसाठी पैसे जमवायचे आणि त्यासाठी चार विमाने पकडायची, हे मला विसंगत वाटत होते. तिला रजा मोजून मिळाली होती. शेवटी तडजोड झाली. जाताना रेल्वे, बस, जीप आणि पाय. परतताना एव्हरेस्टच्या वाटेवरील लुक्ला या गावाहून एक छोटे विमान आणि मग पुन्हा बस-रेल्वे. गोरखपूरच्या गाडीचे आरक्षण त्या वेळी १२० दिवस आधी उघडत असे, म्हणून १२ एप्रिलच्या तिकिटासाठी डिसेंबरच्या मध्यात सकाळी आठला संगणकासमोर बसले होते. विमा घेताना पॉलिसीची बारीक अक्षरे वाचली. अनेक प्रवासविम्यांत ठरावीक उंचीच्या वरची पदभ्रमंती वगळलेली असते आणि हेलिकॉप्टरने सुटका हा वेगळा मुद्दा असतो. आम्हाला ६,००० मीटरपर्यंतचे संरक्षण ४,२०० रुपयांना मिळाले.

निघण्यापूर्वी आणखी एक नकार द्यावा लागला. खते पुरवणाऱ्या एका परिचितांनी २५,००० रुपये देऊ केले. अट एवढीच की पायथ्याशी त्यांच्या नावाचा फ्लेक्स धरून छायाचित्र काढायचे. त्यांना म्हटले, नाव कापडावर लिहिते. कापडावर रंग उठून दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले आणि ती देणगी बारगळली.

१२ एप्रिलला पुणे सोडले. १४ तारखेला गोरखपूर, तेथून बसने सोनौली आणि मग चालत सीमेपलीकडे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, परंतु पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ असावे; आधार कार्डावर विसंबू नये. मी मतदार ओळखपत्र नेले होते, कारण १३ मे रोजी पुण्यात लोकसभेचे मतदान होते आणि ते कार्ड हरवायचे नाही, ही आठवण त्यामुळे रोज राहिली. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे १.६० रुपये, हा दर अनेक वर्षे स्थिर आहे. शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटा तेव्हा तेथे चालत नव्हत्या, म्हणून शंभराच्या नोटांची पुडकी कमरेला बांधून आम्ही सीमेपलीकडचे भैरहवा गाठले. दुसऱ्या दिवशी काठमांडूपर्यंत बस, एक दिवस विश्रांती आणि १७ एप्रिलला सल्लेरीपर्यंत दहा-अकरा तासांची जीप. या जीपविषयी एवढेच लिहिते की मागच्या बाकावर बसू नये.

बहुतेक लोक विमानाने लुक्ल्याला उतरून चालायला लागतात. आम्ही सल्लेरीहून चालू लागलो, म्हणजे चार दिवस अधिक, आणि बागकाम करणाऱ्या माणसाने हे चार दिवस मुळीच वाचवू नयेत. ताक्सिंदूची ३,०७१ मीटरची खिंड ओलांडून वाट नुनथालामार्गे जुबिंगजवळ दूधकोशी नदीपर्यंत जवळजवळ १,५०० मीटर उतरते आणि मग पुन्हा चढते. गेल्या पावसाळ्यांत सुटलेल्या दरडींवर उतीस उगवलेला दिसत होता. हे आल्डरचे झाड उघड्या पडलेल्या मातीवर सर्वांत आधी येते आणि मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजीवांच्या मदतीने हवेतला नत्र मातीत बांधते. ग्राहकाने पैसे देऊन आखून घेतलेल्या उतारावर मी जाळी, गवत आणि खत यांचा जो खटाटोप करते, तो येथे कोणी न सांगता चालला होता. दोन हजार मीटरच्या आसपास चिलाऊनेची झाडे, त्याच्या वर लाल फुलांनी लगडलेले गुराँस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, पुढे फाकदिंगपाशी निळसर पाइन, असे थर एकेका दिवसाच्या चालीत बदलत गेले.

या टप्प्यात खेचरांच्या रांगा सतत भेटतात. गॅसच्या टाक्या, सिमेंट, तांदूळ, सारे त्यांच्या पाठीवरून वर जाते. त्या आल्या की डोंगराच्या बाजूला उभे राहायचे, दरीच्या बाजूला कधीही नाही. हे आमच्या वाटाड्याने पहिल्या तासात सांगितले. नेपाळीत मोठ्या भावाला ‘दाइ’ म्हणतात आणि आम्ही त्यांना तसेच हाक मारत असू. मराठी कानाला हा शब्द सवयीचा व्हायला दोन दिवस लागले. दोघींत मिळून एक वाटाड्या आणि एक भरिया, म्हणजे सामान वाहणारा सोबती, असे आम्ही घेतले होते. सामान एकूण १८ किलो भरले, ते मी पुण्याहून नेलेल्या ताणकाट्याने त्याच्यासमोर मोजले. त्याच्या अंगावर थंडीला पुरेसे कपडे आहेत का आणि त्याचा विमा आहे का, हे दोन प्रश्न काठमांडूत पैसे ठरवतानाच विचारावेत. झाडांची काळजी आणि माणसाची हेळसांड ही जोडी मला आमच्या व्यवसायातही अनेकदा दिसते.

२२ एप्रिलला मोंजोच्या चौकीवर सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशपत्र घेतले; सगरमाथा हे एव्हरेस्टचे नेपाळी नाव. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी प्रवाशांच्या निम्मे शुल्क पडते, म्हणून राष्ट्रीयत्वाचा पुरावा हाताशी ठेवावा. स्थानिक ग्रामपालिकेचे शुल्क वेगळे असते आणि दोन्ही पावत्या परततानाही दाखवाव्या लागतात. हे उद्यान १९७६ मध्ये स्थापन झाले आणि १९७९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. उद्यानात सरपणासाठी जंगल तोडण्यावर बंदी आहे. निवासांतील शेगडीत बहुधा याकच्या वाळलेल्या शेण्या जळतात आणि गॅस पाठीवरून किंवा हेलिकॉप्टरने येतो. गरम पाण्याच्या एका बादलीला इतके पैसे का, याचे उत्तर त्यात आहे. मी उंचावर सात दिवस आंघोळ केली नाही आणि त्याबद्दल मला खेदही नाही.

नामचे बाजार ३,४४० मीटरवर आहे. तेथे विश्रांतीच्या दिवशी स्यांगबोचे आणि खुमजुंगपर्यंत चढून परत आलो. एडमंड हिलरी यांनी १९६१ मध्ये उभारलेली शाळा खुमजुंगला आहे. मुलांची प्रार्थना चालू होती, म्हणून बाहेरूनच पाहिली. स्यांगबोचेजवळील सगरमाथा नेक्स्ट या केंद्रात कचऱ्याच्या प्रश्नाची मांडणी फार चांगली केली आहे. येथील अडचण गोळा करण्याची कमी आणि खाली नेण्याची अधिक आहे, कारण रस्ताच नाही. म्हणून सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समिती या १९९१ पासून काम करणाऱ्या स्थानिक संस्थेच्या सहकार्याने एक साधा उपक्रम चालतो. पुनर्वापर करता येण्याजोगा कचरा चिरडून एकेका किलोच्या पिशव्या भरायच्या आणि परतणाऱ्या प्रवाशाने एक पिशवी लुक्ल्यापर्यंत न्यायची. परतताना नेऊ, असे आम्ही मनाशी ठरवले.

स्वतःचा कचरा कमी ठेवण्यासाठी जे केले तेही सांगते. प्रत्येकीकडे दोन धातूच्या बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या होत्या. सतरा दिवसांत बाटलीबंद पाणी एकदाही घ्यावे लागले नाही. ओल्या टिश्यूंमध्ये, म्हणजे वेट वाइप्समध्ये, बहुधा प्लॅस्टिकचे धागे असतात, म्हणून ते टाळून जुन्या सुती साडीचे तुकडे नेले. पाळी नेमकी तेंगबोचेला आली. विरळ हवेत आणि बदललेल्या दिनक्रमात ती मागेपुढे होऊ शकते, तेव्हा तारीख नसली तरी सोय जवळ ठेवावी. मी पाळीसाठीचा मेन्स्ट्रुअल कप नेला होता आणि उणे तापमानात हात धुण्याचा प्रसंग सोडता त्याने कसलीही तक्रार ठेवली नाही.

देबोचेचे जंगल हा माझ्यासाठी या वाटेवरील सर्वांत सुंदर भाग होता. भूर्ज, फर आणि गुराँस यांवर दगडफुलाच्या दाढ्या लोंबत होत्या आणि खाली सावलीत ओली, काळी माती होती. तेथून वर चढलो आणि पांगबोचेनंतर झाडे हळूहळू संपली. उरली ती गुडघ्यापेक्षा बुटकी जुनिपरची झुडपे आणि धुपासाठी जाळतात ते सुगंधी सुनपाती. ४,८०० मीटरच्या वर तर झाडे उशीसारखी दगडाला चिकटून वाढतात, म्हणजे वारा वरून जातो आणि आत थोडी ऊब राहते. एका उशीपाशी मी इतका वेळ ओणवी बसले की दाइंना वाटले मला चक्कर आली. गुराँसच्या वाळक्या बोंडांतले चिमूटभर बी खिशात टाकण्याचा मोह मला देबोचेला झाला होता, हे कबूल करते. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलण्यास मनाई आहे, आणि परदेशातून बी किंवा रोप भारतात आणायला परवाना व वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते; शिवाय पुण्याच्या मे महिन्यात ते झाड जगवण्यासाठी मला पुन्हा टँकरच मागवावा लागला असता.

२५ आणि २६ एप्रिलला फेरिचे येथे, ४,३७१ मीटरवर, मुक्काम केला. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे तेथे उपचारकेंद्र आहे आणि हंगामात रोज दुपारी तीन वाजता डॉक्टर उंचीच्या आजारावर बोलतात. ते ऐकायलाच हवे. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ, थकवा असताना आणखी वर चढू नये. आणि पावले अडखळू लागली किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावे, असे त्यांनी सांगितले. बहिणीला त्या रात्री डोकेदुखी होती. सकाळपर्यंत थांबली, नाही तर आम्ही आणखी एक दिवस राहणार होतो, आणि देणगीदारांना ‘पोहोचलो नाही’ असे कळवण्याचा मजकूर मी मनात तयारही केला होता.

थुकला खिंडीवर पर्वतावर प्राण गमावलेल्यांची स्मारके आहेत. तेथे कोणीच मोठ्याने बोलत नव्हते. २८ एप्रिलला लोबुचेहून गोरकशेप आणि दुपारी पायथा. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे वीस पावले आणि थांबा, वीस पावले आणि थांबा, असेच चालावे लागले. पायथ्यावरून एव्हरेस्टचे शिखर दिसत नाही, हे अनेकांना तेथे पोहोचल्यावरच कळते. दिसते ती खुंबूची तुटलेली हिमनदी आणि पिवळ्या-केशरी तंबूंची वस्ती. शिखरावर जाणाऱ्यांनी आपली विष्ठा पिशवीत भरून खाली आणावी, असा नियम ग्रामपालिकेने त्याच हंगामापासून केला होता, आणि एका तंबूबाहेर त्याच पिशव्यांची चर्चा चालू होती. आम्ही जुन्या चादरीच्या कापडावर रोपवाटिकेचे नाव लिहून नेले होते. वाऱ्याने ते एवढे फडफडले की छायाचित्रात फक्त ‘वाटिका’ वाचता येते. एकूण वीस मिनिटे थांबलो. दुसऱ्या दिवशी जवळच्या कालापत्थर या उंचवट्यावर जायचे होते, पण माझे डोके पहाटे ठणकत होते, म्हणून ते सोडून उतरलो.

२ मे रोजी कचऱ्याच्या एकेक किलोच्या दोन पिशव्या घेऊन लुक्ल्याला पोहोचलो आणि त्या जमा केल्या. मग दोन दिवस ढग. लुक्ल्याची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांबीची आणि तीव्र चढाची आहे, त्यामुळे दृश्यता नसली की विमान येतच नाही. सहा वाजता विमानतळावर जायचे, अकराला परत यायचे, असे दोनदा झाले. परतीच्या रेल्वेआधी किमान तीन दिवस मोकळे ठेवावेत. ५ तारखेला विमान उडाले. हंगामात ते काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावर उतरते आणि पुढचे चार-पाच तास गाडीने जावे लागते, हे तिकीट घेताना नीट पाहावे. १० मेला पुण्यात, १३ मेला मतदान केंद्रावर.

माझा एकूण खर्च सुमारे १ लाख १५ हजार रुपये झाला. सर्वांत मोठे भाग म्हणजे वाटाड्या व भरिया यांचे माझ्या वाट्याचे २५ हजार आणि राहण्या-खाण्याचे ३९ हजार. बूट आणि जाड जाकीट सोडता उसने मिळण्यासारखे सर्व सामान मी उसने घेतले होते. देणग्या मात्र ३ लाखांपर्यंत पोहोचल्या नाहीत. १३२ जणांकडून २,७१,४५० रुपये आले. उरलेल्या रकमेसाठी मी रोपवाटिकेचा आराखडा विनामूल्य केला आणि टाकी पाच हजार लिटरऐवजी तीन हजार लिटरची बसवली.

एक हिशेब माझ्या लक्षात फार उशिरा आला. ३१ मार्चपर्यंत आलेल्या देणग्यांची प्रमाणपत्रे मे २०२४ मध्ये मिळाली. परंतु मी चालत असताना, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, ज्या २९ जणांनी उत्साहाने पैसे पाठवले, ते पुढच्या आर्थिक वर्षात गेल्यामुळे त्यांना मे २०२५ पर्यंत थांबावे लागले. आवाहन करताना हे लिहिले असते तर ‘आमचा कागद कुठे?’ असे विचारणारे बरेच संदेश वाचले असते. शेवटचे प्रमाणपत्र २७ मे २०२५ ला, पत्ता बदललेल्या एका काकूंना, हाताने नेऊन दिले.

शेडनेट पहिल्याच जूनच्या वादळात एका बाजूने फाटले होते, ते शिवून पुन्हा ताणले आहे. बहाव्याची रोपे गुडघ्याएवढी झाली आहेत, कुडा अजून हट्ट करतो आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना पाणी कोण घालणार, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी बैठकीत विचारला, तेव्हा मंगळवार आणि शुक्रवार माझ्या नावावर लिहिले गेले.